बीकेसीच्या इमारतींचे माथे एका रेषेत का?

कलानगरकडून बीकेसीत, म्हणजे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, शिरताना एकदा मान वर करून बघा. काचेच्या, दगडी, गोल, चौकोनी अशा हरतऱ्हेच्या इमारती आहेत, पण त्यांच्या माथ्यांची रेघ जवळजवळ सरळ, पट्टी ठेवून कापल्यासारखी. तीच मंडळी लोअर परळला गेली की ढगात शिरतात. आता बीकेसीत जागेचा भाव काही कमी नाही आणि बिल्डरची भूक तर कुठेच कमी नसते. तरी इथे सगळे एकाच उंचीवर शहाण्यासारखे थांबलेत. त्यांना तिथे थांबवणारं छप्पर जवळच्या विमानतळाचं. ते डोळ्यांना दिसत नाही, कागदावर मात्र ते सेंटिमीटरपर्यंत आखलेलं असतं.

या छपराशी माझी गाठ दोनदा पडली. एकदा पोटासाठी, कारण मी पस्तीस वर्षं सर्व्हेअरचं काम केलं, डम्पी लेव्हलपासून टोटल स्टेशनपर्यंतच्या सगळ्या मोजणीयंत्रांवर. दुसऱ्यांदा पार्ले पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात. सभेत सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, "एअरपोर्टवाल्यांनी आपले आठ मजले खाल्ले." पुढचा अर्धा तास जो गोंधळ झाला तो लिहीत नाही. ते आठ मजले नक्की कुणी खाल्ले, ते पुढे सांगतो. आधी छपराचं बघू.

सभेत एका काकूंनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. "अहो, विमान तर केवढ्या वरून जातं! आपल्या चौदाव्या मजल्याला ते कुठे लागणार आहे?"

खरंच लागत नाही. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. धावपट्टीच्या टोकावरून जाताना ते जमिनीपासून १५ मीटरवर असतं. मुंबईत बहुतेक वेळा विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरतात आणि सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूने समुद्राकडे उडतात. पश्चिमेकडे, म्हणजे होकायंत्रावर २७० अंशांकडे तोंड असल्यामुळे या धावपट्टीचं नाव २७. तीच पट्टी उलट्या बाजूने वापरली की ०९. घाटकोपरच्या बाजूला, टोकापासून अडीच किलोमीटरवर विमान सुमारे १४५ मीटर उंच असतं. खाली पंधरा मजल्यांची इमारत असली तरी मध्ये शंभर मीटर मोकळे राहतात.

पण हा हिशेब चांगल्या दिवसाचा झाला. पायलट ताजातवाना, दोन्ही इंजिनं धडधाकट, आभाळ निवळलेलं. उंचीची मर्यादा अशा दिवसासाठी आखलेलीच नसते. ती आखतात ती जुलैतल्या रात्रीसाठी: पाऊस आडवा, ढग खाली आलेले, वारा फिरतोय आणि नेमकी त्याच वेळी विमानात काहीतरी गडबड.

अशा दोन गडबडी समजून घेतल्या की बाकीचं आपोआप कळतं.

पहिली, उड्डाणातली. दोन इंजिनांचं विमान वेगात धावतंय. आता थांबलं तर पट्टी संपेल, अशा क्षणी एक इंजिन बंद पडतं. तेव्हा उडावंच लागतं. एका इंजिनावर चढण्याची जी किमान क्षमता अशा विमानात असायलाच हवी, ती सुरुवातीच्या महत्त्वाच्या टप्प्यात २.४ टक्के असते, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना २.४ मीटर वर. कागदावर हिशेब करताना त्यातूनही काही भाग सावधगिरी म्हणून वजा करतात आणि १.६ टक्के धरतात. या दराने तीन किलोमीटर गेल्यावर विमानाने जेमतेम ४८ मीटरची उंची मिळवलेली असते. या वाटेवरच्या प्रत्येक अडथळ्याच्या माथ्यावरून निदान ३५ फूट, म्हणजे साडेदहा मीटरच्या वर अंतर ठेवून ते पार व्हायला हवं. आता चौदाव्या मजल्याकडे पुन्हा बघा. ४८ मीटर हा आकडा एकदम जवळचा वाटू लागतो ना?

यातली गंमत, खरं तर गंमत कसली, अशी की वाटेत उंच इमारत आली तरी विमानं उडायची थांबत नाहीत. ती हलकी होऊन उडतात. विमान कंपनी प्रत्येक धावपट्टीसाठी, त्या दिवसाच्या तापमानासाठी, समोरच्या अडथळ्यांचा हिशेब करून जास्तीत जास्त वजन ठरवते. अडथळा वाढला तर वजन उतरवायचं. आधी माल जातो, मग काही जागा रिकाम्या ठेवल्या जातात, नाहीतर इंधन कमी भरून लांबचा पल्ला सोडावा लागतो. मे महिन्यातल्या दुपारी हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, तेव्हा हा फटका जास्त. म्हणजे कुणीतरी चढवलेल्या दोन जादा मजल्यांचं भाडं रोज दुबईला जाणारी भाजी भरत असते.

दुसरी गडबड उतरतानाची. ढगातून यंत्रांच्या भरवशावर खाली येणारा पायलट एका ठरलेल्या उंचीपर्यंत येतो. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरतो, नाही दिसले तर पुन्हा वर जातो. याला गो-अराउंड म्हणतात. नेहमीच्या इन्स्ट्रुमेंट लँडिंगला ही उंची साधारण २०० फूट असते. पण परत वर चढायच्या वाटेवर डोंगर वा टॉवर असेल तर निर्णय लवकर घ्यावा लागतो, म्हणजे ही उंची वाढवावी लागते. आता २०० ऐवजी ३०० फुटांवर धावपट्टी दिसलीच पाहिजे असा नियम झाला आणि ढग अडीचशे फुटांवर असले, तर? विमान अहमदाबादला, नाहीतर हैदराबादला. मुंबईत दोन धावपट्ट्या असूनही त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच चालते. तिथे एक गो-अराउंड झालं की मागची अख्खी रांग खोळंबते.

म्हणून इमारत 'धोकादायक' आहे की नाही हे ठरवताना ती विमानाला धडकेल का, हा एकच प्रश्न नसतो. तिच्यामुळे वाईट दिवसासाठी राखून ठेवलेली जागा किती कमी होते, हा खरा प्रश्न असतो. अर्थात रोजच्या रोज काहीच होत नाही, त्यामुळे लोकांना हा नियम हट्ट वाटतो. आमच्या सभेतही वाटला.

आता ते न दिसणारं छप्पर. त्याचा आकार बहुतेक देशांत सारखाच आहे, कारण तो इकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतून येतो. मोठ्या विमानतळांसाठीची मापं देतो.

घरातली पितळी परात डोळ्यांपुढे आणा. विमानतळ तिच्या मधोमध. परातीचा तळ म्हणजे विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवरची सपाट पातळी, धावपट्ट्यांच्या भोवती ४ किलोमीटरपर्यंत. बीकेसी या तळाखाली येतं, म्हणून तिथले माथे एका रेषेत. मग परातीचा तिरका काठ सुरू होतो. तो ५ टक्क्यांनी चढत आणखी २ किलोमीटर बाहेर जातो आणि १०० मीटर वर पोचतो, म्हणजे विमानतळापासून १४५ मीटर. त्याच्याही बाहेर, १५ किलोमीटरपर्यंत, १५० मीटरवर एक मोठी सपाट पातळी. बांधकाम या सगळ्याच्या खाली राहिलं की सहसा तक्रार नसते.

पण धावपट्टीच्या दोन्ही टोकांना परात कापलेली असते आणि तिथे सूप ठेवलेलं असतं. धान्य पाखडायचं सूप टोकाशी अरुंद, पुढे रुंद होत जाणारं, आणि जरासं उचलून धरलेलं. उतरायच्या बाजूचं हे सूप धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर सुरू होतं, पहिले तीन किलोमीटर २ टक्क्यांनी चढतं, पुढे काही अंतर अडीच टक्क्यांनी, मग सपाट होतं, आणि एकूण पंधरा किलोमीटर लांब जातं. एक किलोमीटरवर त्याची उंची फक्त २० मीटर! मुंबईकर याला 'फनेल झोन' म्हणतात. फनेल म्हणजे आपलं नरसाळं. कुर्ला, घाटकोपर, सांताक्रूझ, पार्ल्याचे काही भाग यात आहेत आणि तिथले पुनर्विकास वर्षानुवर्षं रखडलेत. चार मजल्यांच्या जागी सहाच मजले चढणार असतील तर बिल्डरला त्यात काय उरणार? निवडणूक आली की फनेल झोनचा विषय निघतोच. त्या रहिवाशांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. गळणाऱ्या छताखाली राहणाऱ्या माणसाला २ टक्के उतार समजावून काय उपयोग? पण त्यावरचा उपाय न वापरता येणारा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, टीडीआर म्हणून, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येईल असा करून, दुसरीकडे देणं, पैशांची दुसरी सोय करणं, असाच काहीतरी असू शकतो. उतार वर सरकवणं हा उपाय नाही.

धावपट्टीच्या लांब बाजूंना आणखी एक पातळी असते, ओढ्याच्या तिरक्या काठासारखी. ती १४.३ टक्के चढते, म्हणजे सात मीटर बाजूला गेलं की एक मीटर वर. ही सगळ्यात अवघड, कारण तिथे जागा काही मीटरने इकडची तिकडे झाली तर मजल्यांचा हिशेब बदलतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुंबईत हे चित्र एकाच विमानतळाचं नाही. जुहूचा छोटा विमानतळ तर देशातल्या नागरी विमानसेवेचा आरंभबिंदू. १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात, पण त्याचीही स्वतःची परात आहे, आणि जुहू-पार्ले-अंधेरीत दोन परातींचे काठ एकमेकांवर येतात. जिथे दोन मर्यादा लागू होतात तिथे जी खालची तीच खरी. (हे दोन विमानतळ किती जवळ आहेत याचा पुरावा २४ सप्टेंबर १९७२ ला मिळाला. जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. कुणी दगावलं नाही हे नशीब.)

आता आमच्या आठ मजल्यांकडे येतो.

या सगळ्या उंच्या जमिनीपासून मोजत नाहीत. समुद्रसपाटीपासून मोजतात. लोकांचा गैरसमज होतो तो इथेच, आणि सर्व्हेअरही अडखळतात ते इथेच. मुंबई विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १२ मीटर उंच आहे. त्यात ४५ मिळवा. म्हणजे परातीच्या तळाखाली इमारतीचा शेंडा समुद्रसपाटीपासून ५७ मीटरच्या आसपास थांबला पाहिजे. शेंडा म्हणजे गच्ची नव्हे. पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, मोबाइलचा टॉवर, डिश, वीजवाहक दांडा, जे सगळ्यात वर असेल ते. आता तुमचा प्लॉट ६ मीटरवर असेल तर ५१ मीटर मिळतात. तीच इमारत असल्फ्याच्या टेकडीवर, समजा ४० मीटरवर बांधायची ठरवली तर फक्त १७ मीटर मिळतात. दोन्ही जागा विमानतळापासून सारख्याच अंतरावर, पण टाकी आणि मशीन रूमची उंची सोडली तर एकाला पंधरा मजले आणि दुसऱ्याला जेमतेम तीन. शेजारच्या सोसायटीला जास्त मजले मिळाले म्हणून 'पैसे चारले असणार' असं म्हणण्याआधी दोन्ही प्लॉटांची लेव्हल विचारावी.

उंचीच्या परवानगीसाठीच्या आमच्या अर्जात प्लॉटची उंची ३३ मीटर लिहिली होती. ५७ मधून ३३ गेले, राहिले २४. टाकी आणि मशीन रूमचे सहा मीटर सोडले तर १८, म्हणजे सहा मजले. मी तो कागद बघितला आणि हसावं की रडावं कळेना. पार्ल्यात ३३ मीटरवर जमीन कुठून आली? तेवढी उंची गाठायला डोंगर लागेल.

झालं होतं असं. मुंबई महापालिकेच्या जुन्या कागदांवर लेव्हल समुद्रसपाटीपासून नसते, टाउन हॉल डेटमपासून असते. डेटम म्हणजे जिथून उंची मोजायची ती शून्याची पातळी. फोर्टातला टाउन हॉल, म्हणजे आत्ताची एशियाटिक लायब्ररी, तिच्याशी बांधलेली ही मोजणी ब्रिटिशांच्या काळापासून गटारं, रस्ते, जोती यांच्यासाठी चालत आलेली आहे. या डेटमचं शून्य समुद्रसपाटीच्या सुमारे २४ मीटर खाली आहे. कारण साधं असावं असं माझं मत: खोदकामाच्या लेव्हल उणे येऊ नयेत. अर्ज भरणाऱ्याने पालिकेच्या नकाशावरचा आकडा उचलून समुद्रसपाटीच्या रकान्यात टाकला. ३३ वजा २४, म्हणजे ९. आमचा प्लॉट ९ मीटरवर आहे. ५७ वजा ९ म्हणजे ४८, आणि चौदा मजले. ते आठ मजले एअरपोर्टवाल्यांनी खाल्ले नव्हते, एका रकान्याने खाल्ले होते.

चूक उलट्या दिशेनेही होते, आणि ती सगळीच भाबडी नसते. अर्जात प्लॉटचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांत द्यावे लागतात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. वर सांगितलेल्या सात-मीटरला-एक-मीटर अशा उतारावर एका सेकंदाची सरकवासरकव उंचीत साडेचार मीटरचा, म्हणजे दीड मजल्याचा फरक पाडते. प्लॉट कागदावर जरासा बाजूला ढकलायचा मोह कुणाला का होतो, ते यावरून कळेल. म्हणूनच ही मोजणी मान्यताप्राप्त यंत्रणेकडून करून घ्यावी लागते, आणि माहिती खोटी निघाली तर मिळालेली परवानगी रद्द होऊ शकते.

ही परवानगी म्हणजे एनओसी, ना हरकत प्रमाणपत्र. ती देतं भारतीय विमानतळ प्राधिकरण, अर्ज ऑनलाइन करायचा. मूळ आधार २०१५ चे केंद्रीय नियम, ज्यांत पुढे २०२० मध्ये बदल झाले. प्रत्येक वेळी दिल्लीच्या किंवा पार्ल्याच्या कचेरीत खेटे घालायला लागू नयेत म्हणून रंगीत नकाशे केलेत. मुंबईचा नकाशा चौकटींत वाटलेला आहे. प्रत्येक रंगाला एक उंची. त्या उंचीच्या आत बांधकाम असेल तर पालिकाच मंजुरी देऊ शकते. लाल रंगात मात्र उंची कितीही असो, प्राधिकरणाची एनओसी हवीच. तिच्याशिवाय पालिकेची सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, पुढे सरकत नाही. एनओसीला मुदतही असते, म्हणून दहा वर्षं पडून राहिलेल्या प्रकल्पाला जुना कागद दाखवून काम भागत नाही.

अर्ज गेल्यावर तपासणी दोन अंगांनी होते. पहिलं अंग वरच्या परातीचं आणि सुपाचं, म्हणजे भूमितीचं. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. विमानतळाला रडार असतं, दिशा दाखवणारे रेडिओ असतात, उतरणीची रेघ आखून देणारे इन्स्ट्रुमेंट लँडिंगचे अँटेना असतात. इमारत उंच नसली तरी रुंद, धातूच्या पत्र्याने मढवलेली आणि चुकीच्या कोनात उभी असेल तर या लहरी तिच्यावर आपटून परततात. आरशाच्या दुकानात हाक मारल्यासारखं काहीसं होतं (आवाज आणि आरसा यांचा मेळ बसत नाही, मला कळतंय, पण चित्र बरोबर आहे). पायलटच्या काट्याला रेघ किंचित वाकडी दिसू शकते. रडारच्या बाबतीत इमारतीमागे सावली पडते, आणि त्या सावलीतलं विमान पडद्यावर नीट येत नाही. त्यामुळे या यंत्रांभोवती वेगळी, कधीकधी अधिक कडक बंधनं असतात.

मग लोअर परळचं काय? ते विमानतळापासून दहाएक किलोमीटरवर आहे, म्हणजे १५० मीटरच्या पातळीखाली. तिथे तर पावणेतीनशे मीटरचे टॉवर उभे आहेत. इथे कामी येतो तो वैमानिकी अभ्यास, आपल्या भाषेत सविस्तर तपासणी. मूळ मर्यादा ओलांडली म्हणून इमारत लगेच नाकारत नाहीत. त्या नेमक्या जागी, नेमक्या उंचीने, विमानांच्या आखलेल्या वाटांवर काय परिणाम होतो ते बघतात. कुठली वाट वरून जाते, गो-अराउंडनंतर विमान कुठे वळतं, किमान उंची वाढवावी लागेल का. काही बिघडत नसेल तर जास्त उंची मिळू शकते. ही मुभा परातीच्या तळावर, काठावर आणि बाहेरच्या पातळीवर मिळते, सुपात आणि तिरक्या बाजूंवर मात्र साधारणपणे नाही. अभ्यास म्हणजे हवी तेवढी उंची असंही नाही. लोअर परळच्या 'वर्ल्ड वन'चा मूळ आराखडा ४४२ मीटरचा होता. उंचीची परवानगी मिळाली नाही आणि इमारत २८० मीटरवर थांबली.

तपासणीत आणखी एक गोष्ट धरतात, आडोसा. आधीच एखादा डोंगर उभा असेल, तो हलणार नसेल आणि विमानांच्या वाटा त्याला वळसा घालूनच आखलेल्या असतील, तर त्याच्या सावलीत बांधलेल्या बुटक्या इमारतीने नवीन काही अडत नाही. मुंबईच्या दुसऱ्या धावपट्टीच्या, १४/३२ च्या, दक्षिणेकडच्या रोखाने तर ट्रॉम्बेची टेकडीच आडवी आहे, सुमारे ३०० मीटर उंच, आणि तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. ती पट्टी दुय्यम राहण्यामागे हेही एक कारण आहे. नवी मुंबईत उलट केलं. तिथे विमानतळाआधी उलव्याची सुमारे ९० मीटरची टेकडीच सुरुंग लावून सपाट केली, मग धावपट्टी, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन. आता पनवेल-उलव्यातल्या लोकांना परात आणि सूप शिकावं लागणार.

अमेरिकेत हीच तपासणी जरा वेगळ्या वळणाने होते. जमिनीपासून २०० फुटांहून उंच काहीही बांधायचं असेल तर तिथल्या विमान प्रशासनाला, एफएएला, आधी कळवावं लागतं, मग जवळ विमानतळ असो वा नसो. तिथल्या नियमात मला आवडलेला भेद असा, की 'अडथळा' आणि 'धोका' हे दोन वेगळे शब्द मानलेत. आखलेली पातळी ओलांडली की बांधकाम अडथळा ठरतं. तो अडथळा धोका आहे का, हे अभ्यासानंतर ठरतं, आणि पुष्कळदा उत्तर 'नाही' येतं. शिवाय एफएए इमारत थांबवू शकत नाही, फक्त आपलं मत देते. थांबवायचं काम स्थानिक प्रशासनाचं, आणि 'धोका' असा शेरा असलेल्या टॉवरला विमा आणि कर्ज कोण देणार, या प्रश्नाचं. आपल्याकडे एनओसी नाही तर इमारत नाही. इकाओसुद्धा आता अशाच विभागणीकडे वळली आहे: काही पातळ्या पूर्ण मोकळ्याच ठेवायच्या, काहींना कुणी छेदलं तर परिणाम तपासायचा. म्हणजे परातीचा आकार पुढेमागे बदलेल.

कागदावर सगळं नीट असूनही जमिनीवर अडथळे उगवतातच. मंजूर उंचीवर एक मजला चढतो, गच्चीवर होर्डिंग येतं, मोबाइलचा टॉवर येतो. झाडं तर कुणाला न विचारता वाढतात. पार्ल्यातल्या माडाला एनओसी कुठली? म्हणून १९९४ च्या केंद्रीय नियमांच्या नावातच इमारतींबरोबर झाडंही आहेत. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाभोवतीच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग पाडायचा आदेश उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना दिला. आणि सगळ्यात मजेशीर अडथळा विमानतळाचा स्वतःचाच. सगळ्यांना वाट दाखवणारा जुना कंट्रोल टॉवरच १४/३२ धावपट्टीच्या फार जवळ असल्याने मर्यादा मोडणारा ठरला. शेवटी सुमारे ८४ मीटरचा नवा टॉवर वेगळ्या जागी बांधला आणि २०१४ पासून कारभार तिकडे गेला.

क्रेनबद्दल लोक विसरतात. इमारत ५० मीटरची असली तरी तिचा टॉवर क्रेन तिच्याहून वर जातो, आणि क्रेनही मर्यादेतच ठेवावा लागतो. १६ जानेवारी २०१३ ला लंडनमध्ये व्हॉक्सहॉल भागात धुक्यातून जाणारं हेलिकॉप्टर बांधकामाच्या क्रेनला धडकलं. पायलट आणि रस्त्यावरचा एक माणूस असे दोघे गेले. मुंबईच्या आकाशात आज किती क्रेन आहेत ते कुठल्याही गच्चीवरून मोजा.

उंच टॉवरवर रात्री दिसणारे दिवे हा या सगळ्याचा शेवटचा आणि सोपा भाग. बुटक्या बांधकामावर मंद तांबडा, ४५ मीटरच्या वर मध्यम, १५० मीटरच्या वर प्रखर पांढरा लुकलुकणारा. उंच चिमण्यांना रंगाचे पट्टेही देतात. पण दिवा लावला म्हणून अडथळा कमी होत नाही, तो फक्त दिसतो, आणि ढगात तर तेवढंही नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बघा, म्हणूनच उंची कमी ठेवतात' असे संदेश फिरले. तसं नव्हतं. इमारत उंच होती म्हणून ते विमान पडलं नाही. प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याची नोंद आहे. उंचीचे नियम एका इंजिनाच्या बिघाडाला जागा देतात, दोन्ही बंद पडल्यावर कुठलंच छप्पर उपयोगी पडत नाही.

आमचा अर्ज दुरुस्त होऊन पुन्हा गेला. या वेळी लेव्हल मी स्वतः उभा राहून घेतली, दोन बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच पक्की ठरलेल्या खुणांवरून, उन्हात. पुढच्या सभेत मी फळ्यावर ५७, ९ आणि ४८ असे तीन आकडे लिहिले, तर तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "आणि पाडव्याला गच्चीवर गुढी उभारली तर?"

"काठीसकट धरलंय," मी म्हणालो. खरं तर टाकीचा माथा गुढीहून वरच जातो.

मग सभा पार्किंगवर आली आणि रात्री साडेअकरापर्यंत चालली.